ताम्हण व त्याचीं भावंडें : ओळख आणि लागवड

गिरगांवांतील फणसवाडीचें नांव घेतलें कीं, आपल्या डोळ्यांपुढें ठाकुरद्वाराजवळची दाट वस्ती, चाळींचे लांबच लांब सज्जे, व्यंकटेशाचें देऊळ आणि दिवसभर न थांबणारी माणसांची ये-जा उभी राहते. फणस मात्र उभा राहत नाहीं. तथापि वाडी या शब्दाचा मूळ अर्थच बागाईत असा आहे. ज्या काळीं गिरगांवचा हा भाग माडांच्या बागांनीं भरलेला होता, त्या काळीं जें झाड डोळ्यांत भरे त्याचेंच नांव त्या जागेस पडे. केळेवाडी, उमरखाडी, चिंचपोकळी हीं नांवें याच मासल्याचीं. झाडें गेलीं, नांवें राहिलीं.

परंतु गेलेल्या झाडांबद्दल नुसतें हळहळत बसल्यानें एकहि नवें पान फुटत नाहीं. चाळीच्या चौकांत, शाळेच्या आवारांत किंवा गच्चीवरील कुंडींत जी हातभर जमीन अद्याप आपल्या स्वाधीन आहे, तींत काय लावावें याचा विचार करणें अधिक श्रेयस्कर होय. अशा जागेसाठीं ताम्हण आणि त्याची धाकटी बहीण चिनाई मेंदी यांची माहिती आम्ही येथें देत आहों. आमचें सांगणें थोडक्यांत इतकेंच कीं, झाड लावण्यापूर्वीं तें नीट ओळखावें, आणि तोडण्यापूर्वीं तर अवश्य ओळखावें. जागा थोडी असली म्हणजे चूक फार महाग पडते.

कूळ आणि नांव

वनस्पतिशास्त्रज्ञ ताम्हणाची गणना मेंदीच्या कुळांत करतात. आपल्या नित्य परिचयाची मेंदी, डोंगरउतारावर तांबड्या फुलांनीं बहरणारी धायटी आणि अलीकडील वर्गीकरणाप्रमाणें डाळिंबसुद्धां याच कुळांतील होत. डाळिंबाचें फूल हातीं घेऊन पाहिल्यास हें नातें सहज पटतें. पाकळ्या चुरगळलेल्या रेशमासारख्या, मध्यभागीं पुंकेसरांचा दाट झुपका, आणि खालीं या सर्वांस धरून ठेवणारी एक जाड वाटी. या वाटीस निदलपुंज म्हणतात. ताम्हणाच्या फुलांतहि हीच ठेवण आढळते.

ताम्हणाच्या वंशास ‘लॅगरस्ट्रोमिया’ असें शास्त्रीय नांव आहे. स्वीडन देशाचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यानें तें १७५९ सालीं दिलें. मॅग्नस फॉन लॅगरस्ट्रोम हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक असून लिनीअसचा स्नेही होता, आणि पूर्वेकडील वनस्पतींचे नमुने तो त्याला मिळवून देत असे. मित्राच्या या साहाय्याचें स्मरण लिनीअसनें असें कायम करून ठेविलें. या वंशांत सुमारें ५० जाति असून त्या भारतापासून चीन व ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या आहेत.

ताम्हणाच्या जातीचें नांव ‘स्पेसिओसा’ असें आहे. लॅटिन भाषेंत याचा अर्थ देखणी असा होतो. पूर्वीं तिला ‘फ्लॉस-रेजिनी’ म्हणजे राणीचें फूल असेंहि म्हणत. बंगालकडे व उत्तरेंत हेंच झाड जारूळ या नांवानें ओळखलें जातें. आपल्या देवघरांतील तांब्याच्या ताम्हणाशीं याचें नांव जुळतें खरें, पण येथें बोलणें चाललें आहे तें झाडाविषयीं, हें बालवाचकांनीं ध्यानांत ठेवावें. महाराष्ट्रानें या झाडाच्या फुलास राज्यपुष्पाचा मान दिलेला आहे. म्हणून तें ओळखतां येणें हें प्रत्येक विद्यार्थ्यास भूषणावह होय.

चार भावंडें

आपल्या राज्यांत या वंशांतील चार झाडें सहज पाहावयास मिळतात. त्यांपैकीं दोन बागेंतलीं आणि दोन रानांतलीं.

पहिलें ताम्हण. हें कोंकणांत ओढ्यांच्या व नद्यांच्या कांठीं आपोआप वाढतें आणि शहरांत रस्त्यांच्या कडेला लावलेलें असतें. रानांत तें ५० फुटांपर्यंत किंवा त्याहूनहि उंच होतें. शहरांतील झाड सामान्यतः याहून ठेंगणें राहतें. पानें चार ते आठ इंच लांब, जाडसर व समोरासमोर जोडीनें आलेलीं असतात. फूल दोन ते तीन इंच रुंद, जांभळें किंवा गुलाबी छटेचें असून फुलांचे उभे तुरे फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. निदलपुंजाच्या वाटीवर उभ्या पन्हळी असतात आणि तिच्यावर तांबूस लव दिसते.

दुसरी चिनाई मेंदी. हिचें शास्त्रीय नांव ‘इंडिका’ म्हणजे भारतीय असें असलें, तरी बागांतून जगभर पसरलेलें हें झाड मुख्यतः चीन व त्याच्या आसपासच्या प्रदेशांचें आहे. आपल्या लोकांनीं तिला चिनाई म्हटलें तें शास्त्रज्ञांच्या नांवापेक्षां सत्याला अधिक धरून आहे! ही झुडपासारखी किंवा दहा-पंधरा फुटांच्या लहान झाडासारखी वाढते. पानें एक ते तीन इंचांचीं, फुलें इंच-दीड इंचाचीं, रंग पांढरा, गुलाबी, तांबडा किंवा जांभळा. कोंवळी डहाळी बोटांत धरून फिरविली तर ती गोल नसून चौकोनी असल्याचें जाणवतें. खोड अतिशय गुळगुळीत असतें. जपानी लोक या झाडाला ‘सारुसुबेरी’ म्हणतात. त्याचा अर्थ, ज्यावरून माकडहि घसरतें तें. चिनी भाषेंतील त्याच्या एका नांवाचा अर्थ शंभर दिवस तांबडें असा आहे, कारण त्याचा बहर दीर्घकाळ टिकतो.

तिसरा नाणा. हा सह्याद्रीच्या रानांतला मोठा वृक्ष. याची साल पातळ पापुद्र्यांनीं सुटते व आंतून पांढुरकें, गुळगुळीत खोड उघडें पडतें; त्यामुळें दाट रानांतहि हा दुरून ओळखूं येतो. फुलें बारीक व पांढरीं असतात. इमारतीच्या लांकडासाठीं याची ख्याति आहे.

चौथा बोंडारा. हा विदर्भांतील व सातपुड्याकडील पानगळीच्या रानांत विपुल आढळतो. याचींहि फुलें लहान व पांढरीं असून त्यांस मंद सुवास असतो. बोंडारा हें नांव कित्येक ठिकाणीं ताम्हणासहि लावतात. म्हणून केवळ नांवावर विसंबून न राहतां झाड प्रत्यक्ष पाहावें.

ओळखण्याची रीत

जांभळीं फुलें दिसलीं कीं त्यास ताम्हण म्हणण्याची घाई करूं नये. नीलमोहराचीं फुलेंहि जांभळीं असतात, परंतु तीं नळीसारख्या घंटेच्या आकाराचीं असून पान नेच्याच्या पानासारखें बारीक पानांत विभागलेलें असतें. कांचनाचें फूल जांभळट असलें, तरी त्याचें पान टोकाशीं दुभंगलेलें असतें. ताम्हणाच्या वंशाची खात्री करून घेण्यासाठीं पुढील चार गोष्टी क्रमानें पाहाव्यात.

प्रथम पान. तें साधें, अखंड कडेचें व बहुधा जोडीनें आलेलें असावें. दुसरें फूल. सामान्यतः सहा पाकळ्या असाव्यात, त्यांच्या कडा चुण्या पाडलेल्या कापडासारख्या असाव्यात, आणि प्रत्येक पाकळी बुडाशीं एकाएकीं निमुळती होऊन बारीक देंठावर उभी असावी. हा पाकळीचा देंठ ही मोठी खूण होय. तिसरें फळ. तें लांकडासारखें टणक बोंड असून वाळल्यावर वरून उकलतें. ताम्हणाचें बोंड बहुधा सहा फांकांनीं उकलतें आणि आंतून एका बाजूस पंख असलेल्या चपट्या बिया बाहेर पडतात. चौथें साल. ती पापुद्र्यांनीं सुटणारी असावी.

एवढें जुळलें म्हणजे वंश ठरला. आतां ताम्हण कीं चिनाई मेंदी, हा प्रश्न राहिला. फूल मोठें व वाटी पन्हळीची असेल तर ताम्हण. फूल लहान व वाटी गुळगुळीत असेल तर चिनाई मेंदी. ज्याच्यापाशीं भिंग असेल त्यानें पुंकेसरहि पाहावे. ताम्हणाचे सर्व पुंकेसर जवळजवळ सारख्या लांबीचे असतात. चिनाई मेंदींत बाहेरचे सहा पुंकेसर इतरांहून लांब व वांकलेले दिसतात.

रोपवाटिकेंत या गोष्टीचें महत्त्व फार आहे. तेथें रोप हातभर उंचीचें असतें, फूल नसतें, आणि विकणारा सांगेल तें नांव आपण ऐकतों. अशा वेळीं पानाचा आकार व डहाळीचा चौकोनीपणा हेच आपले साक्षीदार. लहान पानाची चिनाई मेंदी समजून घेतलेलें रोप ताम्हणाचें निघालें, तर दहा वर्षांनीं त्याच्या फांद्या दुसऱ्या मजल्याच्या सज्जांत शिरतात, आणि मग कुऱ्हाड झाडावर पडते. वास्तविक त्यांत झाडाचा अपराध कांहींच नसतो.

झाडाचें वर्ष

ताम्हण हें पानगळीचें झाड आहे. हिंवाळ्याच्या अखेरीस त्याचीं पानें तांबूस होऊन गळूं लागतात, आणि पुढें कांहीं आठवडे तें अगदीं उघडें दिसतें. फांद्यांच्या टोकांस काळपट, उकललेलीं बोंडें तेवढीं लटकत राहतात. नंतर नवी पालवी फुटते आणि एप्रिलपासून जूनपर्यंत, म्हणजे मुंबईंत उकाडा असह्य होतो त्याच दिवसांत, सर्व झाड जांभळ्या तुऱ्यांनीं भरून जातें. १ मे हा महाराष्ट्रदिन याच बहराच्या दिवसांत येतो.

या झाडाचा मोठा घात होतो तो फेब्रुवारी-मार्चमध्यें. पानें नाहींत, बोंडें वाळलेलीं, खोडाची साल सुटलेली. पाहणारा म्हणतो, हें वठलें, पडण्याच्या आधीं काढून टाकूं. अशा वेळीं एक सोपी परीक्षा करावी. एखाद्या बारीक डहाळीची साल नखानें किंचित् खरवडावी. खालीं हिरवा, ओला थर दिसला तर झाड जिवंत असून केवळ विसांवा घेत आहे असें समजावें. एका डहाळीवर भागलें नाहीं तर निरनिराळ्या बाजूंच्या चार-पांच डहाळ्या पाहाव्यात. सर्वच डहाळ्या आंतून तपकिरी व कोरड्या असल्या आणि पावसाळा सुरू होऊनहि पालवी फुटली नाहीं, तरच काळजी करावी.

नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणासाठीं महाराष्ट्रांत १९७५ सालीं कायदा झालेला आहे. त्याप्रमाणें स्वतःच्या आवारांतील वृक्ष असला तरी परवानगीवांचून तो तोडतां येत नाहीं. मोठ्या फांद्या छाटावयाच्या झाल्यास त्याविषयींहि महानगरपालिकेच्या उद्यान खात्याकडे अगोदर अर्ज करावा, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें.

ताम्हणाची लागवड

ताम्हण बियांपासून सुलभतेनें होतें. हिंवाळ्यांत बोंडें तपकिरी होऊन उकलूं लागलीं म्हणजे तीं गोळा करून कागदावर सावलींत वाळूं द्यावीं. बिया आपोआप गळून पडतात. माती, वाळू व कुजलेलें शेणखत समभाग घेऊन उथळ कुंडी भरावी, बिया पसरून त्यांवर मातीचा अगदीं पातळ थर द्यावा आणि झारीनें बेताचें पाणी घालावें. सर्वच बिया उगवत नाहींत, म्हणून त्या थोड्या अधिक पेराव्यात. चार-सहा पानें आल्यावर रोपें निरनिराळ्या पिशव्यांत लावून एक वर्ष वाढवावीं.

जमिनींत लावण्यास जून-जुलै हे महिने उत्तम. दोन फूट लांब, दोन फूट रुंद व तितकाच खोल खड्डा उन्हाळ्यांतच खणून तापूं द्यावा. पहिल्या पावसानंतर त्यांत माती व कुजलेलें खत भरून रोप लावावें आणि त्यास काठीचा आधार द्यावा. ताम्हण मूळचें ओढ्याकांठचें असल्यामुळें पावसाळ्यांतील पाण्यास तें डगमगत नाहीं. परंतु पहिलीं दोन-तीन वर्षें दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत त्यास नियमानें पाणी द्यावें लागतें. ऊन्ह मात्र त्यास भरपूर पाहिजे. दोन उंच इमारतींमधील बोळांत जेथें सूर्य तासभरहि डोकावत नाहीं, तेथें तें जगेल, परंतु फुलणार नाहीं. भिंतीपासून निदान १५ फुटांचें अंतर ठेवावें व माथ्यावर विजेच्या तारा नाहींत हें पाहावें. एवढी जागा नसेल तर ताम्हणाचा हट्ट सोडून चिनाई मेंदी लावावी.

कुंडींतील चिनाई मेंदी

चाळींत राहणाऱ्या आमच्या बहुसंख्य वाचकांस हेंच झाड सोयीचें. दीड फूट रुंद व तितकीच खोल कुंडी घ्यावी; तिच्या तळास भोंक असून त्यावर खापऱ्या ठेवलेल्या असाव्यात. रोज पांच-सहा तास ऊन्ह मिळेल अशी गच्ची किंवा सज्जा निवडावा. पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी पावसाळ्यांत ओलसर मातींत खोंचली असतां तिला मुळें फुटतात. मात्र एक लावण्याऐवजीं चार-पांच लावाव्यात, म्हणजे निराशा होत नाहीं.

चिनाई मेंदीचीं फुलें त्याच वर्षीं फुटलेल्या नव्या डहाळ्यांवर येतात. ही एक गोष्ट समजली म्हणजे छाटणीचें सर्व शास्त्र समजलें. छाटणी जानेवारी-फेब्रुवारींत, नवी पालवी येण्यापूर्वीं करावी. वाळलेल्या, एकमेकींस घासणाऱ्या व आंतल्या बाजूस वळलेल्या डहाळ्या काढाव्यात, गतवर्षीच्या बोंडांचे शेंडे तोडावेत आणि थांबावें. जाड फांद्या दरवर्षीं एकाच जागीं छाटल्यास तेथें ओबडधोबड गांठी येतात, त्यांतून दुबळ्या काड्यांचा झुबका निघतो आणि झाडाचें सौष्ठव कायमचें नष्ट होतें. बहर ओसरतांच सुकलेले तुरे कापले तर त्याच हंगामांत पुन्हा फुलें येण्याचा संभव असतो.

ढगाळ व दमट हवेंत पानांवर पिठासारखा पांढरा थर येतो. त्यास भुरी म्हणतात. कोंवळ्या शेंड्यांवर मावा पडतो. त्याच्या चिकट स्रावावर पुढें काळी बुरशी धरते व पानें काजळ लागल्यासारखीं दिसतात. दोहोंवर पहिला उपाय म्हणजे मोकळी हवा व ऊन्ह. कुंड्या दाटीनें ठेवूं नयेत. मावा पाण्याच्या जोराच्या धारेनें धुवून काढावा आणि तेवढ्यानें न गेल्यास निंबोळीच्या तेलाचें सौम्य मिश्रण संध्याकाळीं फवारावें.

चौकांतील जुनें झाड

नवें झाड लावणें जितकें पुण्याचें, तितकेंच असलेलें झाड राखणेंहि होय. चौकांत फरशी किंवा सिमेंट घालतांना तें खोडाच्या अगदीं बुंध्यापर्यंत आणून भिडविण्याची रीत पडली आहे. अशानें मुळांस हवा व पाणी मिळेनासें होतें, आणि कांहीं वर्षांनीं एखाद्या वादळी पावसांत तें झाड कोसळतें. बुंध्याभोंवतीं चारी बाजूंस निदान तीन फूट माती उघडी ठेवावी. खोडास खिळे ठोकून पाट्या लावूं नयेत व दिव्यांच्या तारा करकचून गुंडाळूं नयेत.

गिरगांवांत जुन्या चाळी पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. राहणारांस चांगलें घर मिळावें हें योग्यच आहे. परंतु नवा नकाशा मांडला जाईल तेव्हां, आपल्या चौकांत कोणतीं झाडें आहेत, त्यांपैकीं कोणतीं राखतां येतील आणि नवीं कोठें लावतां येतील, हे प्रश्न रहिवाशांनीं विचारले पाहिजेत. आणि ज्याला आपल्या चौकांतील झाडाचें नांवच ठाऊक नाहीं, तो त्याच्या बाजूनें काय बोलणार? झाडें ओळखण्याचा आग्रह आम्ही धरतों तो याचसाठीं.

विद्यार्थ्यांनीं काय करावें

फणसवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट झेवियर्स कॉलेज आहे. मूळचे स्वित्झर्लंडचे असलेले जेझुइट प्राध्यापक फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनीं याच कॉलेजांत वनस्पतींच्या अध्ययनांत आपलें आयुष्य वेंचलें. तेथील १९०६ सालीं आरंभिलेला वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. १९३४ सालीं ते निवर्तले. वॉल्टर मिलार्ड यांच्या सहकार्यानें त्यांनीं लिहिलेला भारतांतील सुंदर वृक्षांवरील ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. दूर देशाहून आलेल्या माणसानें आपलीं झाडें इतक्या बारकाईनें पाहिलीं, तर ज्यांच्या दारांत तीं उभीं आहेत त्यांनीं मागें कां राहावें?

यासाठीं मोठ्या साहित्याची गरज नाहीं. एक वही, एक पेन्सिल व दोन पैसे किमतीचा धीर पुरे. घर ते शाळा या वाटेवरील एक ताम्हण किंवा चिनाई मेंदी निवडावी. पहिलें पान तांबूस झाल्याचा दिवस, झाड पूर्ण उघडें झाल्याचा दिवस, पहिल्या पालवीचा, पहिल्या फुलाचा, शेवटच्या फुलाचा आणि पहिलें बोंड उकलल्याचा दिवस, असे सहा दिनांक वर्षभरांत टिपून ठेवावेत. खालीं पडलेलें एक पान व एक फूल जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वहींत चिकटवावें. झाडावरचें तोडूं नये. दुसऱ्या वर्षीं तेच सहा दिनांक पुन्हा टिपून ताडून पाहावेत. ज्यांना जवळपास झाड सांपडणार नाहीं, त्यांनीं सुटीच्या दिवशीं पालकांबरोबर भायखळ्याच्या राणीच्या बागेंत, म्हणजे सांप्रतच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत जावें. १८६२ सालापासून जतन केलेली ती वृक्षसंपत्ति वनस्पतींच्या अभ्यासास उत्तम शाळा आहे.

ज्या घरांत अशी वही असेल, त्या घरासमोरचें ताम्हण मार्च महिन्यांत वठलें म्हणून कोणी तोडूं लागल्यास, तेथील एखादा मुलगा किंवा मुलगी पुढें होऊन म्हणेल, “जरा थांबा, गेल्या वर्षींहि हें याच दिवसांत असेंच उघडें होतें, आणि महिन्याभरांत पालवलें.” एवढें एक वाक्य पुराव्यासह बोलतां आलें, तर त्या वहीचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.